आठवण यंत्राची, सही कोणाची?



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, हा संगणकवाल्यांचा घरगुती प्रश्न आहे, तो गोदाकाठी कशाला? प्रोग्राम लिहायला मदत करणारे जे एआय सहायक गेल्या काही वर्षांत आले, त्यांना आता स्मरण दिलं जातं आहे. कालच्या बैठकीत झालेलं काम आज आठवावं, प्रकल्पाची ओळख रोज नव्याने करून द्यावी लागू नये, अशी ही सोय. सोय चांगलीच आहे. पण तिचं कौतुक जितकं झालं तितकी तिची चिकित्सा झालेली नाही. आणि हे सहायक जे प्रोग्राम लिहितात त्यांच्यावरच उद्या आपली बिलं, पगार, बाजार समितीतली हिशेबपट्टी, दवाखान्याचे रिपोर्ट चालणार आहेत. तेव्हा प्रश्न घरगुती राहत नाही.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तासभर वाट बघायला नको. यंत्राला आठवण देणं हे त्यातलं सोपं काम आहे. ती नोंद कोणी केली, कधी केली, कशावरून केली आणि खोडायचा अधिकार कोणाचा, हे ठरवलं नाही तर ती आठवण विसरण्यापेक्षा महाग पडते. आणि हे कसं ठरवायचं याचा एक जुना, चालता नमुना आपल्या रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरात आहे. त्याकडे येतोच.

विसरतं म्हणजे नेमकं काय होतं?

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ. या सहायकांच्या मागे जे भाषा-मॉडेल असतं, ते एकदा शिकवून तयार झालं की आपल्याशी बोलताना नवं काही शिकत नाही. आपण त्याला दिवसभर प्रकल्प समजावून सांगितला, त्यानेही 'समजलं' म्हटलं, तरी त्याच्या आतल्या घडणीत एका आकड्याचाही फरक पडलेला नसतो. मग बोलताना त्याला मागचं कसं आठवतं? तर प्रत्येक वेळी आतापर्यंतचा सगळा संवाद त्याच्यासमोर पुन्हा ठेवला जातो. या समोर ठेवायच्या जागेला 'कॉन्टेक्स्ट विंडो' म्हणतात. तिला मर्यादा असते. लाख-दोन लाख टोकन, काही ठिकाणी दहा लाख. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा; आणि आपली देवनागरी इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे खाते, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

बैठक संपली की ही पाटी पुसली जाते. दुसऱ्या दिवशी तोच सहायक तितकाच हुशार, पण कोरा. काल तीन तास खपून शोधून काढलेलं कारण आज पुन्हा पहिल्यापासून. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना ही कटकट किती खरी आहे ते सांगायला नको.

त्यावर उपाय निघाले. ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिला, माणसाने लिहिलेली सूचना-फाइल. क्लॉड कोडमध्ये 'क्लॉड डॉट एमडी' नावाची, अनेक साधनांना मिळून चालणारी 'एजंट्स डॉट एमडी' नावाची, कर्सरमध्ये 'रूल्स'. बैठक सुरू झाली की ही फाइल आपोआप समोर ठेवली जाते. दुसरा, सहायकाने स्वतःच स्वतःसाठी लिहून ठेवलेली टिपणं. तिसरा, जुने संवाद साठवून त्यातून लागेल ते शोधून काढण्याची सोय. तिन्हींत गूढ काही नाही. नाव मेमरी असलं तरी वस्तू वहीच आहे. बाहेर ठेवलेली, दर वेळी उघडून वाचायची वही.

आणि वही म्हटली की नाशिककरांना कोणी शिकवायला नको.

रामकुंडावरची वही

आपल्याकडे तीर्थोपाध्यायांच्या घरात वंशावळीच्या वह्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. कोणी अस्थी घेऊन येतो, कोणी श्राद्धाला, कोणी सिंहस्थाला. पहिला प्रश्न ठरलेला: मूळ गाव कोणतं, आडनाव काय? त्यावरून वही निघते, पान निघतं, आणि त्या माणसाला ज्याचा पत्ताही नसतो तो पणजोबा निघतो. अमुक साली आले होते, सोबत अमुक भाऊ होता, खाली ही सही. सही येत नसेल तर अंगठा.

आता बघा, बारा वर्षांनी सिंहस्थ. २०१५ला आलेला यजमान २०२७ला येणार. मधल्या काळात कदाचित उपाध्यायही बदललेला, वडिलांच्या जागी मुलगा बसलेला. दोन्ही बाजू एकमेकांना अनोळखी. म्हणजे बैठक संपून पाटी पुसली गेली, हीच अवस्था. तरी पाच मिनिटांत कामाला सुरुवात होते.

हे का जमतं? आम्हाला चार गोष्टी दिसतात.

एक, नोंद तोकडी आहे. आलेल्या माणसाचं चरित्र कोणी लिहीत बसत नाही. नाव, नातं, गाव, दिवस, कारण. दोन, ती शोधायची वाट ठरलेली आहे, गावावरून आणि आडनावावरून. तीन, ज्याची माहिती आहे त्याची सही खाली आहे. उपाध्यायाने आपल्या मनाने कुळ रचलेलं नाही. आणि चौथी गोष्ट, आमच्या मते सगळ्यांत मोठी: नोंद वाचली जाते ती अशा माणसासमोर, जो तिथल्या तिथे म्हणू शकतो, 'नाही हो महाराज, ते धाकटे काका, थोरले नव्हेत.' म्हणजे प्रत्येक वाचन ही तपासणी असते. तपासून मग पुढची ओळ लिहायची आणि पुन्हा सही. ही शिस्त असल्यामुळेच अशा वह्यांना वारसाहक्काच्या वादांत पुरावा म्हणून विचारलं गेलं.

वहीचं गुणगान करतो आहोत म्हणून तिचे दोष झाकायला नकोत. ही वही बहुतेक मुलग्यांच्या रांगेने चालते. लेक सासरी गेली की तिचा धागा बऱ्याचदा या पानावरून सुटतो. वहीला जे विचारायचं सुचलं नाही, ते वहीत नाही, आणि शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला वाटतं, ते नव्हतंच. ही गोष्ट यंत्राच्या वहीलाही जशीच्या तशी लागू होते.

यंत्राच्या वहीत काय बिघडतं

आता या चार कसोट्यांवर एआय सहायकांची वही घासून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण ज्यांनी हे काम केलंय त्यांना ते ओळखीचं वाटेल.

समजा, लासलगावसारख्या कांद्याच्या बाजारासाठी एक प्रोग्राम आहे. भरलेली ट्रॉली काट्यावर येते, मग रिकामी येते, दोन वजनांतला फरक म्हणजे कांदा. हे गणित बरोबर चालतं का ते बघणारी एक चाचणी प्रोग्राममध्येच लिहिलेली आहे. जुलै महिन्यात काट्याकडून येणारी जोडणी मंद होती, त्यामुळे ही चाचणी कधी पास, कधी नापास व्हायची. सहायकाने टिपण लिहून ठेवलं: 'निव्वळ वजनाची चाचणी अधूनमधून नापास होते. दुर्लक्ष करून पुढे जावे.' त्या दिवशी हे टिपण बरोबर होतं, कोणीही हेच लिहिलं असतं.

ऑगस्टमध्ये जोडणी दुरुस्त झाली. टिपण तसंच राहिलं. नोव्हेंबरमध्ये कोणीतरी प्रोग्राममध्ये एक बदल केला आणि वजन पूर्ण क्विंटलमध्ये कापलं जाऊ लागलं. २४ क्विंटल ६० किलोचे २४ क्विंटल. चाचणी नापास झाली, आणि या वेळी खऱ्या कारणाने. नवी बैठक, नवा कोरा सहायक. त्याने वही उघडली, वहीत लिहिलं होतं दुर्लक्ष करावे, त्याने दुर्लक्ष केलं. भाव क्विंटलला १५०० रुपये धरला तर त्या एका ट्रॉलीमागे शेतकऱ्याचे ९०० रुपये गेले. कोणी लुबाडलं नाही, कोणी आळस केला नाही. एका खऱ्या वाक्याची मुदत संपली होती, इतकंच.

सहायक पूर्ण विसरला असता तर काय झालं असतं? नापास चाचणी बघून तो थांबला असता, शोधाशोध केली असती, आपण वैतागलो असतो. पण चूक सापडली असती. म्हणून सुरुवातीला म्हटलं, ही आठवण विसरण्यापेक्षा महाग.

टिपणात काय नव्हतं ते मोजा. तारीख नव्हती. कारण नव्हतं, 'काट्याची जोडणी मंद आहे म्हणून' एवढे शब्द असते तरी नोव्हेंबरमधल्या वाचणाऱ्याने विचारलं असतं, जोडणी अजून मंद आहे का? ते खरं असल्याची हमी घेणारा माणूस नव्हता. आणि वाचताना समोर हरकत घेणाराही कोणी नव्हता. रामकुंडावर यजमान असतो, इथे यंत्रच लिहितं आणि यंत्रच वाचतं.

यावर जाणकार म्हणतील, अहो, या फाइली गिटमध्ये ठेवल्या की कोणी, कधी, कोणती ओळ लिहिली ते सगळं कळतं. बरोबर आहे. सूचना-फाइल प्रकल्पाच्या आतच साध्या मजकुरात ठेवण्याची पद्धत आम्हाला म्हणूनच पसंत आहे. पण न वाचता 'ठीक आहे' दाबलेल्या बटणाला सही म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच. आणि सहायकाची स्वतःची टिपणं पुष्कळदा गिटच्या बाहेर, एकेकाच्या संगणकावर किंवा कंपनीच्या सर्व्हरवर असतात. तिथे हा हिशेबही नाही.

दुसरी अडचण भरतीची. प्रत्येक ठेचेनंतर एक नियम वाढतो. कमी कोणी करत नाही. २०२३मध्ये एक शोधनिबंध गाजला, 'लॉस्ट इन द मिडल'. लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेल बरी वापरतात, मधल्या माहितीकडे त्यांचं लक्ष कमी जातं, असं त्यात दाखवलं होतं. मॉडेल पुढे सुधारली, पण धडा शिल्लक आहे. दोनशे नियमांच्या फाइलमध्ये एकशे दहावा नियम असून नसल्यासारखा होऊ शकतो. बरं, नियम लिहिला आहे म्हणून आपण मात्र निर्धास्त.

तिसरी अडचण परक्या हाताची. सहायक बाहेरची पानं वाचतो. त्यात कोणी दडवून सूचना लिहिली आणि ती टिपणांत उतरली, तर ती पुढच्या प्रत्येक बैठकीत घरची सूचना म्हणून वाचली जाईल. ही कल्पनेतली भीती नव्हे. चॅटजीपीटीच्या मेमरीत असं पेरता येतं हे २०२४मध्ये सुरक्षा-संशोधकांनी करून दाखवलं होतं. वहीत परका माणूस कुळ घुसडून गेला, तर काय होईल, याचा विचार करा.

दोन आठवणी जुळल्या नाहीत तर

इथे आपल्या भाषेतलं एक फार जुनं उदाहरण सांगायला हवं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या निघून जाण्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या, ठिकठिकाणी जाऊन, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून. आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. तेच 'लीळाचरित्र'. पुढे मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि ग्रंथ पुन्हा स्मरणावरून उभा करावा लागला. आता एकच प्रसंग दोघांना वेगवेगळा आठवला तर? महानुभावांनी त्यातलं एक फेकून दुसरं ठेवलं असं केलं नाही. निराळी आठवणही नोंदवायची, तिला 'वासना' म्हणायचं. कोणाच्या आठवणीत काय होतं, ते वाचणाऱ्याला दिसतं.

आजचे सहायक नेमकं उलट करतात. संवाद लांबला की ते त्याचा सारांश करतात. सारांशात मतभेद गुळगुळीत होतो. एक म्हणाला होता, वजन काट्यावरून घ्या; दुसरा म्हणाला होता, पावतीवरून घ्या; निर्णय झालाच नव्हता. सारांशात मात्र उतरतं, 'वजन काट्यावरून घ्यायचे ठरले.' ठरलं नव्हतं हो! पण पुढच्या बैठकीसाठी ते ठरलेलं असतं. न सुटलेला प्रश्न न सुटलेला म्हणून लिहिण्याची रीत या साधनांत जोपर्यंत येत नाही, तोपर्यंत त्यांच्या वहीवर आमचा पूर्ण भरवसा नाही.

वहीत न मावणारं

आता मुळातला आक्षेप. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५मध्ये 'प्रोग्रामिंग अ‍ॅज थिअरी बिल्डिंग' नावाचा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं: प्रोग्राम म्हणजे कागदावरच्या ओळी नव्हेत. तो बनवणाऱ्यांच्या डोक्यात एक समज तयार झालेली असते. हे असंच का, तसं का नाही, उद्या अमुक बदल आला तर कुठे हात घालायचा. ही समज पूर्णपणे लिहून काढता येत नाही. त्यांनी एका कंपायलरचं उदाहरण दिलं आहे. दुसऱ्या गटाकडे पहिल्या गटाचा सगळा मजकूर होता, कागदपत्रं होती, सल्लाही मिळत होता. तरी त्यांनी सुचवलेल्या सुधारणा मूळ रचनेलाच मारक होत्या. आणि हे त्यांना दिसत नव्हतं, पहिल्या गटाला लगेच दिसत होतं.

नाउर बरोबर असतील, तर 'प्रकल्पाची स्मृती' हा शब्दच थोडा फसवा आहे. वहीत प्रकल्पाच्या खुणा राहतात. समज राहते माणसांत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट बदलताना रजिस्टर असतंच, तरी जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला मशीनजवळ नेऊन चार शब्द सांगतो. त्या चार शब्दांसाठी रजिस्टरमध्ये रकाना नसतो.

आम्हाला काळजी वाटते ती इथे. पूर्वी एखाद्या छोट्या कंपनीत अनुभवी माणूस सोडून निघाला की मालक घाबरायचा, दोन महिने नव्या मुलाला त्याच्याशेजारी बसवायचा. आता तो म्हणू शकतो, कशाला, सगळं सहायकाच्या मेमरीत आहे. वाचणारं यंत्र, लिहिणारं यंत्र आणि समज असलेला माणूस मधून गेलेला. २०२३मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा आपण काय पाहिलं? दप्तरं होती, कागद होते, पण ते मोडीत होते, आणि मोडी वाचणारे जागोजागी शोधावे लागले. कागद टिकला म्हणजे स्मरण टिकलं असं होत नाही. वाचणाऱ्यांची परंपराही टिकावी लागते.

मग करायचं काय?

ही साधनं टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. रोज कोऱ्या पाटीवर काम करण्यापेक्षा वही बरीच. पण वहीची शिस्त हवी. आमच्या मागण्या साध्या आहेत.

नोंद सहायकाने सुचवावी, पण माणसाने वाचून मंजूर केल्याशिवाय ती वहीत जाऊ नये. प्रत्येक नोंदीला तारीख, मंजूर करणाऱ्याचं नाव आणि कारण असावं. कारण सांगता येत नसेल तर नोंद नको. 'दुर्लक्ष करा' या जातीच्या नोंदींना मुदत असावी. मुदत संपली की त्या आपोआप गळाव्यात. न ठरलेल्या गोष्टींसाठी वेगळं पान असावं. वही प्रकल्पाच्या घरात, साध्या मजकुरात राहावी, म्हणजे उद्या सहायक बदलला तरी ती आपलीच. आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसून ती मोठ्याने वाचावी. ज्याला 'नाही हो, हे आता तसं राहिलेलं नाही' म्हणता येईल असा माणूस त्या बैठकीत असलाच पाहिजे.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: उद्याची मॉडेल इतकी मोठी येतील की सगळे जुने संवाद एकदम समोर ठेवता येतील. मग या शिस्तीची गरज काय?

उत्तर: सगळं समोर असणं वेगळं आणि त्यातलं आज काय खरं हे कळणं वेगळं. जुलैचं टिपण आणि नोव्हेंबरची परिस्थिती दोन्ही समोर असली, तरी टिपणाची मुदत संपली हे कोण सांगणार? जागा वाढली म्हणून शिळं ताजं होत नाही. उलट शिळं जास्त साठतं. (हशा)

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. उद्या मी एखाद्या प्रकल्पात गेलो आणि तिथलं सगळं सहायकालाच माहीत असेल, तर मी शिकायचं कुठून?

उत्तर: फार चांगलं विचारलंत. पहिल्या आठवड्यात कोड लिहायला घेऊ नका. ती वही मागून घ्या आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहा: का? सहायकाला विचारा, पण त्याच्यावर थांबू नका. नोंद मंजूर करणाऱ्या माणसाकडे जा. तो असेल तर दोन वाक्यांत सांगेल, आणि त्या दोन वाक्यांत तुम्हाला फाइलपेक्षा जास्त मिळेल. जिथे कोणालाच 'का' सांगता आलं नाही, त्या ओळीवर खूण करून मुख्य माणसाला दाखवा. ती खोडायची की ठेवायची हे त्याला ठरवू द्या. ठेवायची ठरली, तर कारण लिहून घ्या, आणि खाली त्याच्याबरोबर तुमचंही नाव घाला. इतकं केलंत तर महिन्याभरात त्या प्रकल्पात वही समजून वाचणारा निदान एक माणूस तयार झालेला असेल.